सॅम्पलचं घर

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पल्लवीचा पाय घसरला. डोक्यावरचा हंडा हेलकावला आणि पाण्याचा लोट मानेवरून थेट पाठीत उतरला. जिन्याला कठडा नव्हता. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत सगळं उघडं. तिनं भिंतीला खांदा लावला, श्वास जागेवर आणला आणि दात आवळून एक शिवी हासडली. शिवी लालासाहेबाला होती. रोज सकाळी या वळणावर ती त्याला एक तरी द्यायचीच.

"सांडलं का गं?" वरून सासूनं विचारलं. बनाबाईचे गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते.

"सांडलं. पर तुमच्या च्याला हाय, आत्ती."

चौथ्या मजल्यावर तिनं हंडा उतरवला आणि मोरीच्या दाराआड ठेवला. इमारतीला मोटर होती, गच्चीवर टाकी होती, भिंतीतून नळ्याही फिरवल्या होत्या. फक्त नळ्या टाकीला जोडायच्या राहून गेल्या होत्या. पाणी तळमजल्याच्या तोटीला यायचं आणि तिथून पुढं बायकांच्या डोक्यावर.

इमारत तालुक्याच्या गावाबाहेर, रहिमतपूरच्या रस्त्याला होती. लालासाहेबाची. आधी त्याचा उसाचा मळा होता तिथं, मग त्यानं ऊस मोडून इमारत उठवली. तेव्हा खंडाळ्यापासून इकडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना असंच चाललं होतं. जो तो खांब उभे करत होता. पल्लवीचा नवरा तानाजी गिलाव्याचा मुकादम. माणूस आटपाडीकडचा. बापानं जन्मभर मेंढरं राखली, पोरानं थापी धरली. त्याच्या हाताखाली गडी होते, माल कालवायला आणि पाटी टाकायला पल्लवी होती. या इमारतीची आतली-बाहेरची प्रत्येक भिंत त्यांनी लिंपली होती.

आणि मग गिऱ्हाईक आटलं. कुणी म्हणे कर्जाचं व्याज वाढलं, कुणी म्हणे पुण्यातच घरं पडून आहेत तर इथं कोण येतंय. घेणारा थांबला तसा बांधणाराही थांबला. मजुरीचा सगळा हिशेब अंगावर राहिला तेव्हा लालासाहेबानं तानाजीच्या खांद्यावर हात टाकला.

"पैसा कुटनं आणू तानाजी? भिंती चावून पोट भरतंय व्हय? त्यापरास घर घे. चौथ्या मजल्यावरचं. तुझ्याच हातचा गिलावा हाय."

तानाजीनं पेढे वाटले होते. गावाकडचं छप्पर चुलतभावाला देऊन टाकलं, आईला पाठकुळी घेऊन चार मजले चढवलं. कागद नंतर करू, बाजार जरा सुधारू दे, असं लालासाहेब म्हणाला होता. कागद झालाच नाही. हाताखालचे गडी बाहेरच्या राज्यात गेले. तानाजी रोज सकाळी चौकात थापीची पिशवी घेऊन उभा राहायचा आणि बहुतेक दिवस उन्हं चढली की तशीच पिशवी घेऊन परत यायचा. पोरगी सृष्टी मामाकडं शिकायला ठेवली होती. कठडा नसलेल्या जिन्यात पोर कोण आणणार?

दुसऱ्या मजल्यावर आणखी एक घर भरलेलं होतं. सांगलीकडचे मदनशेठ आणि त्यांची बायको प्रभावती. शेठचं लोखंड-सिमेंटाचं दुकान होतं. इमारतीचं सगळं लोखंड त्यांनीच उधारीवर टाकलं होतं. त्यांनाही लालासाहेबानं घरच दिलं. दुकानाचं भाडं थकलं, दुकान गेलं, आणि शेठ आपल्याच लोखंडाखाली राहायला आले. बांधणारे तेवढे इमारतीत राहत होते, विकत घेणारा एकही नव्हता.

च्या पिऊन होतोय तोवर तानाजीचा फोन वाजला. तो उभा राहूनच बोलला. "व्हय सायेब. व्हय. करतो की." फोन ठेवून तो खालमानेनं म्हणाला, "गिऱ्हाईक येणार हाय दुपारी. घर मोकळं करायचंय."

"परत?" पल्लवी म्हणाली.

"सगळ्या इमारतीत हे एकच नीट झालंय. सॅम्पल म्हणून दाखवतोय. एखादं घर गेलं तर आपला कागद करून देतो म्हणलाय."

"मागल्या दोन टायमालाबी हेच म्हणला हुता."

"मंग काय करू? भांडू?"

"भांडा की! हात न्हाईत व्हय तुमाला?"

 तानाजी घोंगडी गुंडाळायला लागला.

पल्लवीच्या डोक्यात गेल्या आठवड्यापासून जाळ होता. बनाबाईचे निराधारचे पैसे कित्येक महिन्यांत आले नव्हते. त्यासाठी ती म्हातारीला वडाप रिक्षात घालून कचेरीत घेऊन गेली होती. जाताना रस्त्यात नव्या नळपाण्याच्या जाड निळ्या नळ्या पडलेल्या दिसल्या. ती नळी त्यांच्या इमारतीकडंच येणार होती. ठेकेदाराचं बिल सरकारनं थकवलं म्हणून तो चर उघडा टाकून निघून गेला होता. नळ्यांमध्ये कुत्री सावलीला झोपली होती. कचेरीत पैशाच्या टेबलाचा माणूस जागेवर नव्हता. शेजारच्या खोलीत खरेदीखतं होतात, तिथं एक कारकून पंख्याखाली मोबाइल बघत बसला होता. त्या खोलीत एरवी उभं राहायला जागा नसायची. पल्लवीनं त्यालाच विचारलं.

"आमच्या आत्तीचं पैसं का येत न्हाईत?"

कारकून आधी चिडला, मग बहुधा कंटाळा आला होता म्हणून बोलला. "हे टेबल बघा. दिवसभरात एक दस्त नाही. लोक घरं घेत नाहीत, म्हणजे मुद्रांकाचा पैसा नाही. तो नाही म्हणजे सरकारच्या तिजोरीत खडखडाट. मग तुमच्या सासूला कुठून द्यायचं?"

"म्हंजी लोकांनी घरं घेतली तर माझ्या सासूला भाकरी?"

"तसंच समजा."

"आन् ज्यांनी घरं बांधली त्येंचं काय?"

कारकुनानं पुन्हा मोबाइल उचलला. बनाबाई बाकड्यावर बसून पदरानं तोंड पुसत होती. परतताना ती एकच वाक्य बोलली, "आपल्याला गप बसवाय सरकारला कायबी चालतंय बघ."

आता तीच म्हातारी तानाजीच्या पाठीवर होती आणि पल्लवी मागून बोचकी घेऊन गच्ची चढत होती. स्टोव्ह, डबे, अंथरुणं, खुंटीवरचे कपडे, देवाचा टाक. राहती माणसं दिसायला नकोत. चूलही दिसायला नको, म्हणून फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतली होती.

गच्चीवर वैशाखाचं ऊन सांडलं होतं. सिमेंट पायाला चटके देत होतं. कोरड्या टाकीच्या बुडाशी वीतभर सावली होती, तिथं घोंगड्यावर म्हातारीला बसवलं. थोड्या वेळानं ती लाजत म्हणाली, "पल्ले, मला लघवीला जायचंय गं." पल्लवीनं टाकीच्या पलीकडं लुगड्याचा आडोसा धरला. रस्त्यावरून दोन मोटरसायकली गेल्या. बनाबाई अवघडून बसली, उठताना गुडघा धरून कळवळली. तानाजीनं तोंड फिरवलं होतं. त्याच्या मानेवरचा घाम पल्लवीला दिसत होता, आणि त्या मानेचाही तिला राग येत होता.

खाली मोटारीची दारं वाजली. थोड्या वेळानं न्हाणीच्या खिडकीबाहेरच्या बोळातून आवाज वर यायला लागले. लालासाहेबाचा आवाज मधात घोळलेला.

"एकदम कोरं घर हाय, सुभेदारसाहेब. कुणाचा पाय लागलेला न्हाई."

"दीवार अच्छी आहे," एक जड आवाज म्हणाला. भिंतीवर बोटांच्या सांध्यांनी टकटक झाली. "फिनिशिंग फर्स्ट क्लास."

मग बाईचा आवाज. "भाकरीचा वास येतोय की हो."

लालासाहेब हसला. "मजूर बायका, वैनी. कुटंबी चूल मांडत्यात. तुमी इसार द्या, उद्या सगळं धुऊन काढतो."

पल्लवीनं तानाजीकडं बघितलं. त्यानंही ऐकलं होतं. तो नखानं सिमेंट खरवडत राहिला.

"पाणी दे गं," बनाबाई म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

पाणी नव्हतं. हंडा मोरीच्या दाराआड राहिला होता.

"थांब जरा आये," तानाजी म्हणाला. "गिऱ्हाईक जाऊ दे."

बनाबाई थांबली. म्हातारीला थांबायची सवय होती. पण तिची मान एकदम छातीवर कलली, डोळे अर्धे मिटले, आणि हाक मारली तरी तिनं फक्त हूं केलं. पल्लवी उठली. तानाजीनं तिचा हात धरला. तिनं तो असा हिसडला की बांगडी फुटली.

घरात लालासाहेब मधोमध उभा होता. पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली. नाथाजी नावाचे ते निवृत्त सुभेदार खिडकीपाशी होते, ताठ, मिशा पिळलेल्या. त्यांची बायको स्वयंपाकाचा ओटा बघत होती. पल्लवी अनवाणी आत आली, कुणाकडं न बघता मोरीच्या दाराआड गेली आणि हंड्यातून तांब्या भरून घेतला.

"ए बाई," लालासाहेब म्हणाला. "काम झालंय न्हवं तुमचं? खाली जा."

"वर जातीय."

"कुणाला पाणी?" सुभेदारांच्या बायकोनं सहज विचारलं.

"सासूला. गच्चीवर हाय, उन्हात. चक्कर आलीय तिला."

"उन्हात कशाला बसवलंय म्हातारीला?"

"तुमी यायचा म्हणून."

 पल्लवीला आता थांबता येत नव्हतं. "हे घर आमाला गिलाव्याच्या मजुरीपोटी दिलंय. आमी हितं राहतो. तुमच्यासारखं कोण बघाय आलं की आमाला वर चढवत्यात. ज्या भिंतीवर तुमी बोट वाजवलं, तिचा माल मी वाहिलाय. धुऊन काय काढतोस रं लालासाहेब? आमाला?"

लालासाहेब हसायला गेला. "मजुरांचं काय ऐकता साहेब. दोन दिस आसरा दिला तर—"

"घर कुणाच्या नावावर आहे?" सुभेदारांनी विचारलं.

"माझ्या. कागदं दावतो की."

"मग ही खोटं बोलते?"

लालासाहेबाला हो म्हणता आलं असतं. पण तेवढ्यात पल्लवी तांब्या घेऊन निघाली होती आणि सुभेदारांची बायको तिच्या मागोमाग जिना चढून गच्चीवर गेली होती. तिनं बनाबाईला बघितलं, तोंडावर पाण्याचा हात फिरवला, स्वतःच्या पदरानं वारा घातला. मग ती पल्लवीसोबत खाली आली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला."

पायऱ्या उतरताना सुभेदार एकदाच थांबले. "जिंदगीभराचं यात घालणार होतो मी," ते म्हणाले. पल्लवीला की लालासाहेबाला, ते कळलं नाही. तिचे आभार कुणी मानले नाहीत.

मोटार गेली. लालासाहेब परत वर आला, तेव्हा पल्लवी घोंगडी खाली आणत होती. त्यानं तिला हात लावला नाही. त्यानं मोरीत जाऊन हंड्याला लाथ घातली. चार मजले चढवलेलं पाणी फरशीवर पसरलं आणि उंबऱ्याबाहेर जिन्यावरून ओघळत गेलं.

"उद्या सांच्यापातुर घर खाली," तो म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक हाय. ह्या बारीला कुलूप लावून दावतो."

सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून मदनशेठ वर आले. एरवी हळू बोलणारा माणूस, पण आज आवाज चढला होता. "पल्लवीबाई, लय मोठी चूक केलीस. हे घर गेलं असतं तर माझ्या लोखंडातलं थोडं तरी निघालं असतं. लालासाहेबानं कबूल केलं होतं मला."

"आन् आमचं घर इकून तुमचं लोखंड निघणार हुतं व्हय, शेठ?"

 शेठना ते माहीत होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळलं. तानाजीलाही कळलं. पण तो तिच्यावरच उखडला. "तुला गप बसाय येत न्हवतं? एक तांब्या पाण्यानं सगळं घालवलंस!"

"तुमची आय हाय ती! माझी न्हवं!"

त्यानं हात उगारला. तो तसाच वर राहिला आणि मग खाली आला. रात्री कुणी जेवलं नाही.

सकाळी मोटरच्या पेटीतला फ्यूज काढून नेला होता. तोटी कोरडी. पल्लवी रिकामा हंडा घेऊन वर आली तर दारात पाण्यानं भरलेली बादली होती. प्रभावती शेजारच्या मळ्यातून आणून ठेवून गेली होती. तिच्या चपलांचे ओले ठसे जिन्यावर होते.

आत तानाजी बोचकी बांधत होता.  "चुलतभावाला फोन केला," तो म्हणाला. "छप्पर देत न्हाई म्हणतोय. गोठ्यात ऱ्हावा म्हणतोय चार दिस."

पल्लवीनं त्याच्या थापीच्या पिशवीत हात घातला. छन्नी आणि हातोडा काढला. समोरच्या खोलीची मोठी भिंत तिनं बघितली. तिच्यावर कुठं उंचवटा नव्हता, कुठं चीर नव्हती. ही भिंत लिंपताना तिला ताप होता आणि तरी तिनं संध्याकाळपर्यंत माल पुरवला होता. तिनं छन्नी टेकवली आणि हातोडा हाणला.

"अगं ए! खुळी झालीस का?" तानाजी धावला.

"भित त्येची. गिलावा आपला. मजुरी न्हाई तर गिलावाबी न्हाई. सोडा मला."

"पोलिसात दिल तो."

"दिऊ दे. पोलिस इचारतील, घर कुणाचं, गिलावा कुणी केला, पैसं दिलं का? सांगू दे त्येला."

दुसरा घाव बसला. गिलाव्याचा पापुद्रा सुटून पायावर पडला. घरात पांढरी धूळ उडाली. तिला नीट मारता येत नव्हतं, छन्नी सारखी घसरत होती, तिच्या अंगठ्यातून रक्त आलं. तानाजी बघत उभा होता. इतक्या महिन्यांत चौकात उभं राहून, सायेब-सायेब करून, गच्चीवर आईला उन्हात बसवून जे आत साठलं होतं ते त्याच्या जबड्यात आलं. त्यानं तिच्या हातातून हातोडा काढून घेतला. तिला वाटलं, आता फेकून देणार.

"असं न्हाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आडवी धर छन्नी. वरनं खाली ये. सलग निघतंय मंग."

आणि त्यानं मारायला सुरुवात केली.  प्रत्येक घावाला त्याच्या छातीतून हुंकार निघत होता. ज्या हातानं लिंपलं होतं त्याच हातानं तो भिंत सोलत होता. मोठमोठे पोपडे सुटून फरशीवर फुटत होते, आतल्या विटा लाल-लाल उघड्या पडत होत्या. पल्लवी फावड्यानं ढिगारा कोपऱ्यात ओढत होती. बनाबाई दारात बाहेर घोंगड्यावर बसून तोंडाला पदर लावून बघत होती. तिनं थांबा म्हटलं नाही.

आवाजानं मदनशेठ वर आले. धुळीत उभे राहून त्यांनी सगळं बघितलं. मग ते म्हणाले, "तुमचं बरं हाय, तानाजी. माझं लोखंड स्लॅबात हाय. मला काढाय येत न्हाई." आणि ते जिन्याच्या पायरीवर खाली बसले.

दुपार टळली तेव्हा समोरची खोली, मधली खोली, स्वयंपाकाची भिंत, सगळं उघडं झालं होतं. तेवढ्यात लालासाहेब आला. हातात नवं कुलूप होतं. दारातच तो थबकला. धुळीनं त्याला खोकला आला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पांढरंच बसत होतं.

"हे काय केलंस रं भडव्या?"

तानाजी वळला. भुवया, केस, मिशा, सगळं धुळीनं पांढरं. हातात हातोडा होता, पण त्यानं तो उचलला नाही. "माझं हुतं, काढून घेतलं."

"सॅम्पल हुतं हे माझं! आता काय दावू मी लोकांना?"

"हे दाव," पल्लवी म्हणाली. "इटा दाव. इटांचं पैसं तरी दिल्यात का भट्टीवाल्याला?"

 लालासाहेब जिन्याकडं वळला. "मदनशेठ, तुमी साक्षीदार हाय. तुमी बघितलंय हेंनी काय केलं ते."

मदनशेठ पायरीवरून उठले नाहीत. "मी काय बघितलं न्हाई," ते म्हणाले. "धूळ लय हाय."

लालासाहेबानं शिव्या दिल्या, पोलिसांची नावं घेतली, तालुक्याच्या पुढाऱ्याचं नाव घेतलं.  लावायला आणलेलं कुलूप त्यानं एकदा हातात वर-खाली केलं. हे घर बंद करून तरी कुणाला विकणार, हे त्याचं त्यालाच उमगलं असावं. तो खाली उतरत गेला. त्याच्या शिव्या आधी तिसऱ्या मजल्यावरून ऐकू आल्या, मग दुसऱ्या, मग मोटारीचा आवाज झाला.

पल्लवीला हायसं वाटलं नाही. तिला अजून काहीतरी फोडायचं होतं. तानाजी विटांना पाठ लावून खाली बसला. तळहातावरचे फोड फुटले होते. तो त्यांच्याकडं परक्याच्या हाताकडं बघावं तसा बघत होता. एवढा चांगला गिलावा त्यानं पुन्हा कधी केला असता की नाही, देव जाणे. करायला काम तरी कुठं होतं.

बनाबाई भिंत धरून, एकेक पाऊल टाकत आत आली. ढिगाऱ्यातून वाट काढत खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"गेला का?"

"गेला," पल्लवी म्हणाली.

"मंग हातर घोंगडं. पाठ टेकू दे मला." सुनेनं फरशी झाडून घोंगडं अंथरलं. म्हातारी कण्हत आडवी झाली, पाय लांब केले, आणि डोळे मिटायच्या आधी तिनं विचारलं, "आता बघाय येणाऱ्यांसाठी उठाय लागायचं न्हाई न्हवं?"

"न्हाई आत्ती. पडा तुमी," पल्लवी म्हणाली आणि उंबऱ्यात, जिन्याकडं तोंड करून बसली.